भूमिगत कोळसा खाण आणि डोंगरावरचे झरे: परिणाम मोजायचा कसा?

जांभाखडक (सातारा):

नमस्कार मंडळी. आजवरचं सगळं काम जावळी-पाटणकडच्या झऱ्यांवर, म्हणजे जांभा, बेसॉल्ट, मुरूम, गेरू याच जगात. आता छिंदवाडा जिल्ह्यातल्या पेंच-कन्हान कोळसा पट्ट्यातलं एक काम आलंय. भूमिगत खाण, बोर्ड अँड पिलर पद्धत (आधी गॅलऱ्या काढायच्या, मधे कोळशाचे खांब सोडायचे). कोळशाचा थर 95 ते 130 मीटर खोलीवर, काढायची जाडी 3 मीटर. डेव्हलपमेंट म्हणजे गॅलऱ्या काढून झाल्यात, खांब काढायला (डिपिलरिंग) पुढच्या हंगामात सुरुवात. वर डोंगरउतारावर 7 झरे आणि पायथ्याला 22 विहिरी आहेत.

हातात असलेल्या जुन्या अहवालात सिचार्टच्या सूत्रानं परिणामाची त्रिज्या 180 मीटर काढलीय आणि त्यापलीकडचे 5 झरे 'बाधित नाहीत' म्हणून सोडून दिलेत. मला हे पटत नाही, पण खोडून काय लिहायचं ते सुचत नाही. बेसलाइन, म्हणजे नंतरचा बदल ज्याच्याशी ताडायचा ती आधीची नोंद, किती दिवसांची धरावी? विहिरींची वर्षातून चार वेळा घेतलेली पातळी आहे, झऱ्यांचं काहीच नाही. आणि पाणी कमी झालंच तर ते खाणीमुळं की पावसामुळं, हे वेगळं कसं काढायचं?

गोफ:

आधी सिचार्टचं बघू. R = 3000 × s × √K. R म्हणजे त्रिज्या, s म्हणजे पातळी किती उतरणार, K म्हणजे खडकातून पाणी किती सहज वाहतं तो आकडा. पातळी 60 मीटर उतरणार आणि K सेकंदाला 0.000001 मीटर धरला की बरोबर 180 मीटर येतात. हाच K दहापट धरा, 569 मीटर होतात. एका बोअरमधल्या K मध्ये दहापट फरक पडायला दहा मीटर खोली बदलली तरी पुरतं. शिवाय या सूत्रात काळ नाही, पुनर्भरण नाही, आणि मुख्य म्हणजे छत कोसळल्यावर K च बदलतो हे त्याला ठाऊक नाही. पाया खणताना चार आठवडे पाणी उपसायचं असेल तर ठीक. वीस वर्षं चालणाऱ्या खाणीला ते लावणं म्हणजे फूटपट्टीनं तालुका मोजणं.

'परिणाम किती मीटरपर्यंत' हा प्रश्नच नंतरचा. आधी प्रत्येक झरा कुठल्या थरातून येतो ते ठरवा. पेंच-कन्हानमध्ये कोळसा बराकार वाळूदगडात, त्यावर मोतूर (रंगीत चिकण थर आणि वाळूदगड), आणि बऱ्याच ठिकाणी माथ्यावर आपलाच दख्खनचा बेसॉल्ट. म्हणजे झरे तीन जातीचे निघू शकतात. पहिले बेसॉल्टच्याच दोन थरांमधले, गेरूवर (मधल्या लाल चिकण थरावर) अडकून बाहेर येणारे. हे तुम्ही साताऱ्यात रोज बघता. दुसरे बेसॉल्ट आणि खालच्या गोंडवाना खडकाच्या (म्हणजे या मोतूर-बराकारच्या) सांध्यावरचे. तिसरे खाली नाल्याच्या पात्रात वाळूदगडातून पाझरणारे.

तिसरी जात खाणीच्या उपशाला थेट जोडलेली असते. पातळी खाली गेली की पाझर हळूहळू, महिन्यामहिन्यानं मरतो. पहिल्या जातीचं उलट. ते पाणी गेरूवर अधांतरी असतं, त्याच्याखाली कोरडा पट्टा असतो, त्यामुळं खाणीत कितीही उपसा करा, झऱ्याला पत्ता लागत नाही. पण जमीन खचून गेरूत भेग पडली की तो झरा आठवड्यात आटतो. दोन्हींना एकच 180 मीटरचं वर्तुळ काढण्यात काय अर्थ?

आता छताचं. खांब काढल्यावर कोसळीचा पट्टा साधारण काढलेल्या जाडीच्या 6 ते 10 पट, म्हणजे तुमच्याकडं 18 ते 30 मीटर. त्यावर एकमेकांना जोडलेल्या भेगांचा पट्टा 24 ते 30 पटीपर्यंत, म्हणजे 72 ते 90 मीटर. ठिसूळ, जाड वाळूदगड असेल तर त्याहून वर जातो. आणि पृष्ठभागावरून खाली ताणाच्या भेगा 15 मीटरपर्यंत. 95 मीटर खोलीच्या बाजूला बेरीज करा: 90 आणि 15, 105. खालच्या आणि वरच्या भेगा गाठ घेऊ शकतात. 130 मीटरच्या बाजूला मधे 25 मीटर सलग खडक उरतो, आणि तो मोतूरचा चिकण थर असेल तर भेग ओली होऊन फुगून बुजतेही. म्हणून एकाच खाणीच्या दोन टोकांना दोन वेगळी उत्तरं येतील. खांबांचे काही तुकडे छताला आधार म्हणून सोडणार असतील, किंवा सँड स्टोइंग (रिकाम्या जागेत वाळू भरणं) करणार असतील, तर हे आकडे बरेच खाली येतात. कोणती पद्धत मंजूर आहे ते आधी विचारा, नाहीतर सगळं गणित वाया.

बाजूला किती धरायचं? अमेरिकेत पेनसिल्व्हानियाच्या 1994 च्या कायद्यात काढलेल्या क्षेत्राच्या कडेपासून उभ्या रेषेशी 35 अंशाच्या कोनात वर येऊन जो पट्टा पडतो, त्यातली विहीर किंवा झरा बिघडला तर जबाबदार खाणच, असं गृहीत धरतात. 110 मीटर खोलीला तो पट्टा कडेपासून 77 मीटर येतो. पण लक्षात घ्या, ती पुराव्याचा भार कुणावर, याची रेषा आहे. पाणी कुठवर उतरेल याची नाही.

आणखी एक. गॅलऱ्या काढून झाल्यात म्हणता, म्हणजे तुमची बेसलाइन उष्टी आहे. छत कोसळलेलं नसलं तरी बराकारमधलं पाणी दोन-चार वर्षं खाणीत उतरतंच आहे. अहवालात 'खाणपूर्व स्थिती' असं लिहू नका, 'डिपिलरिंगपूर्व' लिहा.

व्हीनॉच_कऱ्हाड:

झऱ्याच्या मोजणीबद्दल लिहितो, कारण गाडी तिथंच अडते.

सेकंदाला अर्ध्या-पाऊण लिटरपर्यंतचा झरा असेल तर बादली आणि स्टॉपवॉच. दुसऱ्या कशाचा नाद नको. 20 लिटरची बादली 26 सेकंदात भरली तर 0.77 लिटर. बादलीवरचा कंपनीचा आकडा खरा धरू नका, काठोकाठ भरून वजन करून घ्या. पाच सेकंदांच्या आत भरत असेल तर मोठं भांडं घ्या, कारण बोटाची अर्ध्या सेकंदाची चूक तिथं दहा टक्के होते. तीन वाचनं, तिन्हींत पाच टक्क्यांपेक्षा जास्त फरक आला तर बाजूनं पाणी निसटतंय. चिकणमाती आणि प्लास्टिकचा कागद घेऊन सगळं पाणी एका पाइपात आणा, मग मोजा.

मोठ्या झऱ्याला 90 अंशाची व्ही-नॉच, म्हणजे V आकाराची खाच पाडलेला पत्रा प्रवाहात आडवा लावायचा. Q (लिटर प्रति सेकंद) = 0.0138 × H^2.5, H म्हणजे खाचेच्या टोकापासून पाण्याची उंची, सेंटिमीटरमध्ये. 5 सेंटिमीटरला 0.77, 10 सेंटिमीटरला 4.36. हमखास होणारी चूक म्हणजे पट्टी नॉचच्या तोंडाशीच धरणं. तिथं पाणी आधीच वाकून खाली आलेलं असतं. पट्टी नॉचच्या मागं, H च्या किमान तिप्पट-चौपट अंतरावर, शून्य नॉचच्या टोकाशी लेव्हल करून लावायची. 5 ऐवजी 4.5 वाचलं तर प्रवाह 0.77 चा 0.59 होतो. अर्ध्या सेंटिमीटरनं 23 टक्के झरा गायब! अशाच एका वाचनावर 'खाणीमुळं घट' असा निष्कर्ष निघू शकतो, आणि 'काहीच घट नाही' असाही.

पाण्याची धार पत्र्याला चिकटून खाली उतरत असेल तर ते वाचन रद्द. धार सुटी पडली पाहिजे, खाली हवा खेळली पाहिजे. 5 सेंटिमीटरच्या खाली नॉचवर विश्वास नको, तिथं परत बादली. शेवाळ दर फेरीला आधी खरवडा, पाणी स्थिर होऊ द्या, मग वाचा.

वारंवारता: पावसाळा संपल्यावर ऑक्टोबर ते मे दर पंधरा दिवसांनी. चार वेळची पातळी ही परवान्याची किमान अट झाली, तिच्यातून उतरणीचा वेग निघत नाही. तो वेगच तर हवाय. समजा 1 नोव्हेंबरला 1.2 लिटर आणि 1 मार्चला 0.4. 120 दिवसांत तिसरा हिस्सा, म्हणजे उतरणीचा वेग α = ln 3 / 120 = 0.0092 प्रतिदिन, दर 76 दिवसांनी झरा निम्मा. पाऊस कमी झाला तर सुरुवातीचा आकडा खाली येतो, α साधारण तेवढाच राहतो. α च वाढला, झरा 40 दिवसांत निम्मा होऊ लागला, तर खडकातली साठवणच फुटलीय. पाऊस आणि खाण वेगळी करायचं हे सर्वांत स्वस्त हत्यार. मात्र मधे अवकाळी पडला तर उतरण तिथं तोडून नव्यानं धरायची.

जांभाखडक:

गोफ दादा, व्हीनॉच, दोघांनाही मनापासून धन्यवाद. 'उष्टी बेसलाइन' जशीच्या तशी टिपणात घेतोय.

कंट्रोल झऱ्याचं, म्हणजे खाणीचा परिणाम नसलेल्या, तुलनेसाठीच्या झऱ्याचं अडतंय. खाणीपासून 4 किलोमीटरवर एक बारमाही झरा आहे, पण तो नाल्यातला आहे. माझे दोन महत्त्वाचे झरे गेरूवरचे. चालेल का? आणि खाणीचं पंपिंग रजिस्टर मिळालंय, त्यात रोजचे पंपाचे तास आहेत. त्यावरून खाणीत येणारं पाणी काढता येईल?

गोफ:

नाही चालणार. कंट्रोल म्हणजे नुसता लांबचा झरा नव्हे. त्याच जातीचा, साधारण त्याच उंचीचा, त्याच तोंडाच्या उतारावरचा, वर तेवढंच पाणलोट असलेला हवा. गेरूवरच्या झऱ्याला गेरूवरचाच जोडीदार. एक नको, दोन धरा, कारण एकावर गावानं टाकी बांधून पाइप टाकला की तुमचा कंट्रोल गेला.

जोडी मिळाली की हिशेब सरळ आहे. समजा डिपिलरिंगपूर्वी फेब्रुवारीत कंट्रोल 0.90 आणि तुमचा झरा 1.20. पुढच्या फेब्रुवारीत कंट्रोल 0.60, तुमचा 0.50. पाऊस कमी होता हे कंट्रोल सांगतोच आहे. जुन्या प्रमाणानं तुमचा 0.80 असायला हवा होता, भरला 0.50. सेकंदाला 0.30 लिटर म्हणजे दिवसाला 25,920 लिटर. माणशी 55 लिटरनं 471 माणसांचं पाणी. अहवालात हा आकडा लिहा. '58 टक्के घट' लिहिलंत तर पावसाचा दोषही खाणीच्या माथी मारला जातो आणि समोरचा सल्लागार पहिल्याच सुनावणीत तुमचा कागद फाडतो.

अजून एक सांगतो, ते नीट करा. झरा आटला म्हणजे पाणी खाली खाणीतच गेलं असं नसतं. उतार खचला की झरा पंधरा-वीस मीटर खाली सरकून भलत्याच ठिकाणी फुटतो. म्हणून पायथ्याला नाल्यावरही एक नॉच हवी. वरचा झरा 0.30 नं घटला आणि नाला तेवढाच राहिला, तर पाणी जागा बदलून वाहतंय. दोन्ही घटले तर ते गेलं.

पंपखोली:

पंपिंग रजिस्टरबद्दल. तास गुणिले पंपाच्या पाटीवरचा डिस्चार्ज, एवढ्यावर थांबू नका. पाटीवरचा आकडा नव्या इंपेलरचा (पंपातल्या फिरत्या चक्राचा) आणि ठरावीक हेडचा (पाणी चढवायच्या उंचीचा) असतो. कोळशाच्या गाळानं इंपेलर झिजतो, हेड वाढतं, फूट व्हॉल्व्ह गळतो. डिलिव्हरी लाइनवर अल्ट्रासोनिक क्लॅम्प मीटर लावून महिन्यातून एकदा खरा डिस्चार्ज काढा. तो न मिळाल्यास बाहेरच्या सेटलिंग टँकचा भरण्याचा वेळ घ्या.

मग वजाबाकी. ड्रिलिंगला, धूळ मारायला आणि स्टोइंगला वरून सोडलेलं पाणी वजा. सम्पच्या (खाणीत पाणी साठवायच्या खड्ड्याच्या) पातळीतला फरक बेरीज किंवा वजा. खालच्या सम्पमधून वरच्या सम्पमध्ये फेकलेलं पाणी दोनदा धरलंय का बघा, रजिस्टरात दोन्ही पंपांचे तास निमूटपणे लिहिलेले असतात.

आणि हवेतून जाणारं पाणी विसरू नका. समजा पंखा सेकंदाला 100 घनमीटर हवा ओढतो. उन्हाळ्यात आत जाणारी हवा कोरडी, बाहेर येणारी चिंब. घनमीटरमागे 15 ग्रॅमचा फरक धरला तरी सेकंदाला दीड किलो, दिवसाला सुमारे 130 घनमीटर पाणी पंपाला हात न लावता बाहेर जातं. पावसाळ्यात हा फरक जवळपास नाहीसा होतो. हे पाणी आवकीत न मिळवल्यास उन्हाळ्यात आवक घटली आणि पावसात वाढली असं दिसतं, आणि त्यातला काही भाग नुसता हवेचा असतो.

उरलेल्या आवकीचा आलेख पावसाच्या आलेखाखाली ठेवा. डिपिलरिंगपूर्वी पावसानंतर आवक वाढायला महिना-दीड महिना लागत असेल आणि नंतर तीच दोन-तीन दिवसांत उसळी घेऊ लागली, तर वरच्या भेगा खालपर्यंत पोचल्या. झऱ्यात दिसायच्या आधी हे पंपखोलीत दिसतं.

व्हीनॉच_कऱ्हाड:

पिझोमीटरचं, म्हणजे एकेका थरातली पाण्याची पातळी मोजायच्या बोअरचं, कुणी बोललं नाही म्हणून. एकच उघडं बोअर बेसॉल्टपासून बराकारपर्यंत घेऊन त्यात लॉगर (पातळी आपोआप नोंदवणारं यंत्र) टाकायचा, हा प्रकार करू नका. त्यात वरच्या थराचं पाणी खाली उतरत राहतं. जी पातळी दिसते ती कुठल्याच थराची नसते, आणि खाणीनं पाडायच्या आधी भेग आपणच पाडून ठेवतो. प्रत्येक थराला वेगळं बोअर, जाळीचा पाइप फक्त त्या थरासमोर, वर बेंटोनाइटचं (फुगणाऱ्या चिकणमातीचं) बूच, त्यावर सिमेंट ग्राउट. जागा कमी असेल तर एकाच बोअरमध्ये वेगवेगळ्या खोलीवर व्हायब्रेटिंग वायर सेन्सर बसवून पूर्ण ग्राउट करतात.

बोअर उघडं आहे तोवर पॅकर टेस्ट (बोअरचा एकेक टप्पा बंद करून त्यात दाबानं पाणी सोडून किती जातं ते बघणं) उरकून घ्या, दर 5-6 मीटरच्या टप्प्यानं. 10 बारला मीटरमागे मिनिटाला 1 लिटर पाणी गेलं तर 1 लुजॉन. डिपिलरिंगनंतर शेजारी नवं बोअर घेऊन त्याच खोलीवर परत टेस्ट. 2 चे 40 झालेले टप्पे दिसले की भेगांचा पट्टा किती वर आलाय ते पटांच्या गणितावर सोडावं लागत नाही.

लॉगर बंद प्रकारचा (बाहेरच्या हवेशी नळीनं न जोडलेला) असेल तर हवेचा दाब वजा करावाच लागतो, 1 हेक्टोपास्कल म्हणजे सुमारे 1 सेंटिमीटर पाणी. हवेच्या दाबाचा लॉगर सोयीचा म्हणून खाणीत टांगू नका. पंख्याच्या ओढीनं तिथं 100 मिलिमीटर पाण्याइतका दाब कमी असेल तर सगळ्या विहिरी आपोआप 10 सेंटिमीटर 'वर' येतात.

22 विहिरींची पातळी पंप सुरू व्हायच्या आधीची हवी. शेतीपंपाची वीज रात्रपाळीत असेल तर सकाळी सहाचं वाचनही उपशातलंच असतं. विजेचं वेळापत्रक आधी घ्या, मग फेरी ठरवा.

मिरजकर_केमिस्ट:

नमुन्यांबद्दल थोडक्यात. दर फेरीला झऱ्यावरच ईसी (पाण्याची विद्युत वाहकता), तापमान, पीएच. बेसॉल्ट आणि जांभ्याच्या झऱ्यांची ईसी कमीच असते, म्हणून मीटर 1413 मायक्रोसीमेन्स/सेंमीच्या द्रावणाबरोबर 84 च्या द्रावणानंही तपासा. तापमान वर्षभर स्थिर असेल तर पाणी खोलवरून फिरून येतंय. दुपार-सकाळ बदलत असेल तर वरवरचं, किंवा तुम्ही तोंडापासून लांब मोजताय.

आपल्या गोंडवाना कोळशात गंधक कमी, त्यामुळं पाणी आंबट झालं तरच खाणीचा परिणाम, असं धरून बसू नका. सल्फेट आणि कठीणपणा चढतो, पीएच 7 च्या वर राहूनसुद्धा. सल्फेट-क्लोराइड गुणोत्तर बघा: दोन्ही सारखेच वाढले तर बाष्पीभवन किंवा सांडपाणी, सल्फेट एकटंच वाढलं तर पायराइट (कोळशातलं लोह-गंधकाचं खनिज).

लोहाचा नमुना 0.45 मायक्रॉन फिल्टरमधून गाळून मग नायट्रिक आम्ल घालून पीएच 2 च्या खाली. न गाळता आम्ल घातलंत तर गढूळपणातली मातीच विरघळते आणि झऱ्यात लोह 'सापडतं'. क्षारता मात्र जागेवरच टायट्रेट करा. गाडीच्या डिकीतून मिरजेपर्यंत आलेल्या बाटलीतली क्षारता ही त्या झऱ्याची राहिलेली नसते.

पाटणचा_वाटाड्या:

माफ करा, धाग्यात घुसतोय. आमच्याकडं कोळसा नाही, पण डोंगरातून बोगदा जायचाय आणि वाडीचं पाणी वरच्या झऱ्यावर. यातलं काय लागू पडेल?

गोफ:

मोजणी सगळी लागू. कोसळीचं गणित सोडून द्या, बोगद्याचं छत धरलेलं असतं. बेसॉल्टमध्ये पाणी सांध्यांतून आणि मांजऱ्या (सच्छिद्र) पट्ट्यांतून येतं, त्यामुळं कित्येक मीटर कोरडे आणि मग एका ब्लास्टला धबधबा. म्हणून तोंडावरच्या खोदाईचं चेनेज (सुरुवातीपासूनचं अंतर) आणि तारीख रोज लिहून ठेवा, झरा त्या काळात रोज मोजा, आणि बोगद्याच्या तोंडाशी नॉच लावा. झऱ्यातली घट आणि बोगद्यातली आवक एकाच आठवड्यात जुळली की वाद उरत नाही. बोगद्याचा झिरपा वेळेत ग्राउट केला तर झरा काही प्रमाणात परत येऊ शकतो, त्यामुळं घट दिसल्याच्या दिवशी लेखी कळवायचं, पावसाळ्याची वाट बघत बसायचं नाही.

पाटण म्हणजे कोयना. भूकंपाच्या धक्क्यानंही झऱ्यांचं पाणी अचानक वाढतं, घटतं, गढूळ होतं. धक्क्यांची तारीख-वेळ वहीत झऱ्याच्या रकान्याशेजारीच टिपा, नाहीतर समोरचा पहिलं बोट तिकडंच दाखवणार.

जांभाखडक:

ठरलं तर. झऱ्यांची जात लावायची फेरी आधी, मग दोन गेरूवरचे कंट्रोल शोधणं, पायथ्याच्या नाल्यावर नॉच, पंपखोलीत क्लॅम्प मीटर. जुन्या अहवालातले ते सोडलेले 5 झरे परत यादीत घेतले. त्यातले 3 नकाशावर 95 मीटरच्या बाजूलाच पडतायत.

पंपखोली:

मग क्लॅम्प मीटर आधी लावा. झऱ्यांना ऑक्टोबरपर्यंत वेळ आहे, पण पावसाळ्यातली आवक किती दिवसांनी चढते हे डिपिलरिंगपूर्वी टिपायला तुमच्याकडं हा एकच पावसाळा उरलाय.